मदत हवी आहे: ग्वांगझौ, ग्वेलिन, यांगश्वो, हाँगकाँग – दोघांसाठी ११ दिवसांचा बेत

नमस्कार मंडळी. आम्ही नवरा-बायको दोघंच जाणार, टूर कंपनी नको. २४ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. मुक्काम असे: ग्वांगझौ २ रात्री, हाँगकाँग २, ग्वेलिन १, यांगश्वो ३, लोंगजीची भातखाचरं १, शेवटी परत ग्वांगझौ १. चीनचा एकेरी प्रवेशाचा व्हिसा काढतोय. दोघांपैकी एक शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. कुठे चुकतंय?

घाटमाथा: व्हिसातच. हाँगकाँगला गेलात की चीनमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसतो आणि एकेरी प्रवेश तिथेच संपतो. मग ग्वेलिन विसरा. दुहेरी प्रवेश मागा, नाहीतर हाँगकाँग शेवटी ठेवा. दुसरंच बरं, तिथून मुंबईला थेट विमान आहे. हाँगकाँगसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना आधी ऑनलाइन नोंदणी लागते. फुकट आहे, पण दोघांची वेगवेगळी करून छापील प्रत जवळ ठेवा.

तारखाही पाच दिवस अलीकडे घ्या. १ ऑक्टोबरपासून तिकडे राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी असते, अख्खा देश फिरायला निघतो. भात तर सप्टेंबरच्या उत्तरार्धातच पिवळा पडायला लागतो. क्रम असा: ग्वांगझौ २, यांगश्वो ३, लोंगजी १, ग्वेलिन २, हाँगकाँग २.

रूळबदल: रेल्वेचं सांगतो. तिकिटं साधारण १५ दिवस आधी खुली होतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, आडनावासकट. पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटकाने तो वाचला नाही तर बाजूला कर्मचारी बसतो त्या खिडकीवर जायचं. सुरक्षा तपासणी असते, म्हणून तासभर आधी पोचा. फाटक गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होतं आणि मग कोणी ऐकत नाही.

खरी गंमत नावांची. ‘यांगश्वो’ स्टेशन यांगश्वो गावात नाहीच, ते शिंगपिंग या दुसऱ्या गावाजवळ आहे. तिथून गावात जायला बसने तासभर धरा. ग्वेलिनलाही उत्तर, पश्चिम आणि मुख्य अशी वेगवेगळी स्टेशनं आहेत, तिकिटावरचं नाव नीट वाचा. ग्वेलिनहून हाँगकाँगच्या वेस्ट कौलून स्टेशनला थेट गाड्या आहेत. दोन्हीकडचं इमिग्रेशन तिथे एकाच इमारतीत उरकतं.

चहाबाज: अलीपे, म्हणजे फोनवरून पैसे द्यायचं चिनी ॲप, भारतातूनच सुरू करून निघा. त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडा, रुपे नको. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. एका वेळी २०० युआनपर्यंत जादा शुल्क नाही, वर गेलात की ३ टक्के. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या वायफायवर बंद. भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात.

आता जेवणाचं. ‘वो छ् सू’ म्हणजे मी शाकाहारी. एवढ्याने भागत नाही. हिरवी भाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परततात, टोफूवर खिमा भुरभुरतात. ‘मांस, मासे, अंडं, चरबी, हाडांचा रस्सा नको’ एवढं चिनीत लिहून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. ग्वेलिनच्या तांदळाच्या शेवया रस्सा सोडून मागा. लोंगजीला बांबूच्या नळकांड्यात भात भाजतात, त्यात खारवलेलं मांस असू शकतं, आधी विचारा. भाजलेली रताळी मात्र बिनधास्त. बरोबर मेतकूट आणि लोणचं असू द्या.

प्रश्नकर्ता: सगळ्यांचे आभार, क्रम बदलतो. यांगश्वोला तराफा ली नदीवर घ्यावा की यूलोंग नदीवर? आणि लोंगजीला बॅगा वर नेता येतात का?

घाटमाथा: यूलोंग. ली नदीवरचे तराफे प्लॅस्टिकच्या नळ्यांचे, मागे इंजिन फटफटतं. यूलोंगवर खरा बांबू आणि नावाड्याच्या हातात वेळू, एका तराफ्यावर दोघंच. बंधाऱ्यावरून खाली घसरताना पाणी घोट्याच्या वर येतं. चपला घाला, फोन गळ्यात. नदी फुगली की फेऱ्या बंद, म्हणून यांगश्वोच्या पहिल्याच दिवशी उरका. २० युआनच्या नोटेवरचा डोंगर बघायला बोट लागत नाही, शिंगपिंगच्या काठावर नोट हातात धरून उभे राहा.

लोंगजीला मोठ्या बॅगा नकोत. तिथल्या दाझाई गावात वाहन खालीच थांबतं, पुढे दगडी पायऱ्या. लोंगजीहून परत ग्वेलिनलाच येणार आहात ना, मग यांगश्वोहून येताना बॅगा ग्वेलिनच्या हॉटेलात टाका, वर एका रात्रीची पिशवी न्या. आणि खोली ठरवण्याआधी ‘परदेशी पाहुणे घेता का’ एवढं विचारा. प्रत्येक मुक्कामाची पोलिसांकडे नोंद करावी लागते, आणि छोट्या गेस्टहाउसवाल्यांपैकी काही जण त्या कटकटीपायी ऐन वेळी नाही म्हणतात.