प्रयोगशाळेत खेकडा तग धरतो, मग किनाऱ्यावर का मरतो?

निनाद_प्राणीशास्त्र
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी 'किनाऱ्यावरच्या प्राण्यांवर तापमानाचा परिणाम' असा विषय मनात आहे, पण वाचायला बसलो आणि गोंधळ वाढला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले कितीतरी खेकडे आणि गोगलगायी समुद्राच्या पाण्यापेक्षा खूप जास्त तापमान सहन करतात. मग समुद्र एक-दोन अंशांनी तापला तर त्यांना काय फरक पडणार? उलट ज्यांना उन्हाची सवय आहे तेच सगळ्यात सुरक्षित असायला हवेत ना? दुसरं म्हणजे, मार्गदर्शक म्हणतात एकच घटक घे आणि बाकी सगळं स्थिर ठेव. किनाऱ्यावर तर काहीच स्थिर नसतं! या क्षेत्रातलं कुणी असेल तर सांगा, सुरुवात कुठून करू?

भरतीरेषा
मार्गदर्शकांचं ऐक. तापमान, क्षारता आणि ऑक्सिजन, प्रत्येकाच्या दोनच पातळ्या घेतल्यास तरी आठ प्रकारच्या टाक्या होतात, आणि प्रत्येक प्रकाराच्या तीन-चार तरी हव्यात. सांभाळणार कोण? एका घटकावरचं काम नीट झालं तर पुढे वाढवता येतं.

खडकावरची
निनाद, माझं सगळं काम तुझ्या पहिल्या प्रश्नाभोवतीच चालतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तू वाचलेली तापमान सहन करायची 'मर्यादा' कशी मोजतात ते आधी बघ. मी खेकड्यांच्या हृदयाचे ठोके मोजते. पाठीच्या कवचावर, हृदयाच्या बरोबर वर, एक छोटा इन्फ्रारेड सेन्सर चिकटवायचा आणि टाकीतलं पाणी अगदी सावकाश तापवत न्यायचं. पडद्यावर ठोक्यांची रेघ उमटत राहते. पाणी तापेल तशी ती दाट होत जाते. मग एका तापमानाला अचानक विस्कटते. एखादा ठोका गळतो, मधे मोकळी जागा दिसते, आणि थोडं आणखी तापवलं की वेग धाडकन खाली येतो. बऱ्याचदा हाच बिंदू मर्यादा म्हणून छापला जातो. खेकडा तेव्हा मेलेला नसतो, लगेच गार पाण्यात सोडला तर अनेकदा सावरतो. पण या बिंदूच्या कितीतरी आधीपासून त्याची ओढाताण सुरू झालेली असते. उष्णतेने बिघडलेली प्रथिनं सांभाळायला हीट शॉक प्रथिनं बनवावी लागतात, त्यासाठी ऊर्जा लागते, आणि ती वाढीतून आणि अंड्यांतून कापली जाते. असा प्राणी वर्षानुवर्षं जिवंत दिसेल, फक्त त्याची पिल्लं कमी होत जातील. मर्यादेच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

आता 'उन्हाची सवय असलेले सुरक्षित' हा मुद्दा. तसं वाटणं साहजिक आहे. पण जोनाथन स्टिलमन यांनी पोर्सेलीन खेकड्यांच्या जातींवर केलेलं काम वाच, २००३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. खडकाच्या वरच्या पट्ट्यात राहणाऱ्या जातींची मर्यादा सगळ्यात वर आहे, हे खरंच. मात्र त्यांच्या वस्तीत चढणारं कमाल तापमान आणि ही मर्यादा यांत अंतर फारच थोडं उरलेलं असतं. शिवाय उबदार पाण्यात ठेवून ती मर्यादा आणखी वर सरकते का हे पाहिलं, तेव्हा याच जातींमध्ये ती सगळ्यात कमी सरकली. म्हणजे जे सगळ्यात काटक, तेच कड्याच्या टोकाशी उभे. मला तरी या विषयातला हा सगळ्यात काळजी करायला लावणारा निष्कर्ष वाटतो.

आणि पाण्याचं तापमान घेऊन बसू नकोस, प्राण्याच्या अंगाचं तापमान बघ. ओहोटीला उघडा पडलेला मसल, म्हणजे शिणाण्यांच्या कुळातला शिंपला, उन्हात हवेपेक्षाही दहा-बारा अंशांनी जास्त तापू शकतो. कवच काळपट, खाली तापलेला खडक, आणि जागचं हलता येत नाही. ब्रायन हेल्मुथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी खऱ्या शिंपल्याइतकेच तापतील आणि निवतील असे नकली शिंपले बनवले, आत तापमान नोंदवणारं यंत्र बसवलं आणि ते जिवंत शिंपल्यांच्या गर्दीत चिकटवून ठेवले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जे हाती आलं ते नकाशावरून सुचलंच नसतं. दक्षिणेला कॅलिफोर्नियात उन्हाळ्यातली मोठी ओहोटी बरेचदा रात्री किंवा पहाटे येते. उत्तरेला वॉशिंग्टन राज्यात ती भर दुपारच्या आसपास येते. त्यामुळे गार समजल्या जाणाऱ्या उत्तरेतल्या काही जागी शिंपले दक्षिणेइतके किंवा त्याहून जास्त तापतात! तापमान सरासरी किती वाढलं, याच्याइतकंच ओहोटी किती वाजता येते हे महत्त्वाचं ठरतं.

जून २०२१ मध्ये नेमकं हेच जुळून आलं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची भयंकर लाट आली. लिटन गावात २९ जूनला ४९.६ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. त्याच दिवसांत दुपारी खूप मोठी ओहोटी होती. तिथले सागरी जीवशास्त्रज्ञ क्रिस हार्ली यांनी किनाऱ्यावरच्या खडकांचं तापमान मोजलं तर ते ५० अंशांच्या वर गेलेलं. सेलिश समुद्राच्या, म्हणजे तिथल्या किनाऱ्यालगतच्या आखातांच्या, काठावर एक अब्जाहून अधिक प्राणी मेले असावेत असा त्यांचा अंदाज आहे. मसल, बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव), गोगलगायी. उघड्या, ऊन झेलणाऱ्या खडकांवर शिंपले आ वासून मेलेले होते, आणि जवळच्याच सावलीतल्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या कपारींत कितीतरी जिवंत. समुद्राचं पाणी मात्र तेव्हाही गारच होतं.

भरतीरेषा यांचा टाक्यांचा हिशोब बरोबर आहे. तरीही एकाच घटकावर थांबू नये असं माझं ठाम मत आहे. क्रेन, क्रोकर आणि हाल्पर्न यांनी २००८ मध्ये सागरी परिसंस्थांवरचे दोन किंवा अधिक ताणांचे (ताण म्हणजे उष्णतेसारखे जीवांना त्रास देणारे घटक) १७१ अभ्यास एकत्र तपासले. दोन ताणांची साधी बेरीज होते असं फक्त २६ टक्क्यांमध्ये दिसलं. ३६ टक्क्यांमध्ये परिणाम बेरजेपेक्षा जास्त, ३८ टक्क्यांमध्ये कमी. सुटे सुटे मोजून नंतर बेरीज करायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

कालवप्रेमी
खडकावरची ताई, फार सुंदर लिहिलंत. मी संशोधक नाही, कालवांच्या बीजनिर्मितीत काम करतो, म्हणून आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. २००७-०८ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत कालवांच्या अळ्या भराभर मरायला लागल्या. आधी संशय जिवाणूंवर गेला. पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली, तरी मरणं थांबेना. शेवटी लक्षात आलं की खोल समुद्रातलं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं, नेहमीपेक्षा जास्त आम्लधर्मी पाणी वर येऊन खाडीत शिरतंय. अळी पहिल्या एक-दोन दिवसांत कवच बांधते, आणि नेमकं तेव्हाच पाण्यात कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी. मोठं कालव त्याच पाण्यात जगतं, अळी मरते. त्यांनी पाण्यात सोडियम कार्बोनेट मिसळायला सुरुवात केली आणि पाणी दुपारनंतर घ्यायला लागले, कारण दिवसभर खाडीतल्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात.

निनाद, सांगायचं काय, तर प्राण्याचं वय विसरू नकोस.

निनाद_प्राणीशास्त्र
ताई, दादा, खूप खूप आभार. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण हाताशी एकच सत्र आहे आणि टाक्या मोजक्या. दोन ताण घ्यायचेच तर कुठले घेऊ?

खडकावरची
कालवप्रेमी यांचं उदाहरण मनापासून पटलं. मी स्वतः पूर्ण वाढ झालेले खेकडेच वापरत आले आहे, आणि आमच्या क्षेत्रात बहुतेकांचं तसंच आहे, कारण ते हाताळायला सोपे. अळ्यांवर अजून खूप काम व्हायला हवं.

निनाद, तू उष्णता आणि ऑक्सिजनची कमतरता घे. ओहोटीत खडकांमधल्या डबक्यांत हे दोन्ही ताण खरोखर येतात, पण एकाच वेळी येतीलच असं नाही. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि पाणी तापतं. रात्री पाणी निवतं, पण सगळे जीव श्वास घेत राहतात, त्यामुळे ऑक्सिजन संपत येतो आणि पीएचही उतरतो. म्हणजे रात्री गुदमरलेल्या खेकड्याला दुसऱ्या दिवशी ऊन झेलायचं असतं. तेव्हा दोन्ही ताण एकदम देण्याऐवजी एकापाठोपाठ दे, आणि मधली विश्रांती कमी-जास्त कर. विश्रांती किती मिळाली की तो पुन्हा पहिल्यासारखा तग धरतो? एका सत्रात मावेल असा प्रश्न आहे. मार्गदर्शकांनाही पटेल, कारण बदलतोयस ती एकच गोष्ट, मधला वेळ.

टाकीतलं तापमान पुस्तकातून उचलू नकोस. ज्या डबक्यातून खेकडे आणशील तिथे आधी एक ऑक्सिजन मीटर आणि दोन-तीन तापमान नोंदवणारी यंत्रं ठेव, एक उन्हात, एक दगडाखाली. सगळ्यात मोठ्या ओहोट्यांचे दिवस त्यात आलेच पाहिजेत. खेकडे आणल्यावर निदान आठवडाभर स्थिरावू दे. नुकतीच कात टाकलेले वेगळे काढ, त्यांचा श्वसनाचा दर वेगळा येतो आणि आकडे बिघडतात. अंड्यांवरच्या माद्या उचलू नकोस. आणि दगड उलटलास तर परत होता तसाच ठेव, खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात तासाभरातही मरू शकतात.

तुझा आराखडा झाला की इथे टाक, मी बघते.