काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या अभयारण्यात रात्री खासगी गाड्या बंद कराव्यात का?

रानवाट:
रोहिणी निघाल्या की भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या पट्ट्यात काजवे चमकायला लागतात आणि मृगाचा पाऊस धरला की दिसेनासे होतात. जेमतेम तीन आठवडे. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. मी नाशिकचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा धरणाभोवतीच्या रस्त्यावर रात्री आमच्याशिवाय दोनच मोटारसायकली होत्या. एका सादड्यासमोर बसलो. अख्खं झाड उजळायचं, विझायचं आणि ती लाट शेजारच्या हिरड्यावर सरकायची. दोन तास आमच्यातलं कोणी बोललं नाही.

गेल्या वर्षी बऱ्याच वर्षांनी परत गेलो, शनिवारी. धरणाजवळचं शेंडी गाव सोडल्यावर अर्ध्या तासात रांग लागली. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळ्यांचे दिवे चालू. एका वळणावर चांगलं भरलेलं झाड होतं. एकाने पोरांना नीट दिसावं म्हणून हेडलाइट त्याच झाडावर टाकला आणि झाड विझलं. दिवा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ ते अंधारातच होतं. लोक फोटोसाठी गवतात उतरले, मीही उतरलो. परत येऊन डांबरी रस्त्यावर उभे राहिलो तेव्हा बरोबरच्या मित्राने पाय उचलला. त्याच्या चपलेच्या तळाला हिरवट उजेडाचा एक ठिपका चिकटला होता. दोन-तीन मिनिटं तो तसाच मंद जळत राहिला. मग गेला.

माझं म्हणणं असं की या तीन आठवड्यांत सूर्य मावळल्यावर बाहेरच्या खासगी गाड्या अभयारण्यात सोडूच नयेत. गाडी शेंडीला लावायची आणि पुढे गावातल्या माणसाबरोबर पायी जायचं. ज्याला चालायचं नाही त्याने काजवे नाही पाहिले तरी चालेल.

प्रवरेकाठ:
दादा, मी तिथलाच आहे. गावाचं नाव सांगत नाही, सगळे ओळखतील. आमचे पाच तंबू आहेत. घरात आई, बायको, भाऊ आणि मी, सगळे त्यात राबतो.

आमच्याकडं भात एकच पीक. थोडी नागली, वरई. दिवाळीनंतर निम्मं गाव नारायणगावच्या बाजूला मजुरीला जायचं. भल्या पहाटे चौकात उभं राहायचं आणि कोणी हाक मारेल त्याच्या मळ्यात जायचं. मी स्वतः उभा राहिलो आहे. काजव्याचं गिऱ्हाईक येतं ते ऐन बी-खताचे पैसे लागतात त्या वेळी. त्या तीन आठवड्यांत जे हातात येतं त्यावर आमचं भाताचं आवण लागतं.

१९२६ ला धरण पुरं झालं आणि पाणी खालच्या तालुक्यांत उसाला गेलं. १९८६ ला अभयारण्य झालं, तेव्हापासून लाकूडफाट्याला, गुरांना, घर वाढवायला विचारावं लागतं. आता गाड्या बंद म्हणता. दर वेळी सोसायचं कोणी, तर काठावरच्या महादेव कोळ्यांनी आणि ठाकरांनी. हेडलाइट टाकणाऱ्याला दंड करा, मी स्वतः पावती पुस्तक घेऊन उभा राहतो. पण शेंडीपासून आमची वस्ती पायी दीड तास. रात्री पोराबाळांना घेऊन कोण चालणार? सगळे शेंडीच्या हॉटेलात उतरतील, एखादं झाड बघतील आणि परत जातील. आमचे तंबू रिकामे राहतील.

मातीतला:
मी कीटकशास्त्र शिकलो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

झाडावर चमचमताना दिसतात ते बहुतेक नर. मादी खाली गवतात, झुडपात, पाल्यावर बसते आणि आवडलेल्या नराच्या लुकलुकण्याला आपल्या उजेडाने उत्तर देते. दोघांची भाषा प्रकाशाचीच. तिच्यावर प्रखर दिवा पडला की तिचं उत्तर नराला दिसत नाही. प्रौढ काजव्याचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, त्यातल्या काही रात्री अशा गेल्या तर अंडी घालायची वेळ निघून जाते. त्यामुळे रानवाट यांच्या मित्राच्या चपलेखाली जे आलं ती बहुधा मादी होती, पोटात अंडी असलेली.

तरीही मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. काजवा वर्षातले बाकीचे महिने अळीच्या रूपात ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात काढतो, गोगलगायी खातो. म्हणजे त्याचं भवितव्य ठरतं ते जुलै ते एप्रिल या काळात, जेव्हा आपल्यापैकी कोणी तिकडे फिरकत नाही. झाडाखालचा पाला गोळा करून जाळला, ओढ्याकाठची जागा सपाट करून तिथे लॉन केलं, रिसॉर्टच्या कुंपणावर बारा महिने रात्रभर हॅलोजन ठेवले, तर मे-जूनमधल्या तीन आठवड्यांत गाड्या अडवून काय हाताला लागणार? आणि काजवे कमी झाले हे एका शनिवारवरून ठरवू नका. वळीव वेळेवर आणि चांगला झाला तर ते भरपूर निघतात, वळीव चुकला तर थोडे. गाडीचा दिवा वाईटच आहे. पण मला विचाराल तर पहिला मान हॅलोजनचा.

सह्यकडा:
सगळे एक गोष्ट सोडून बोलताय. अभयारण्य हे फिरायचं ठिकाण नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात मोजक्या लोकांनाच मुभा आहे, बाकीच्यांना परवानगी लागते. कलम २८ मध्ये ती कशासाठी देता येते ते दिलं आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन अशी कारणं आहेत आणि त्यांत पर्यटनही आहे, हे मान्य. पण परवानगी देता येते याचा अर्थ ती दिलीच पाहिजे असा होत नाही.

नोकरीची तीस वर्षं मी सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत चाललो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर शनिवारी रात्री तंबूंची वस्ती उठते. सांदण दरीत मे महिन्यात माणसामागे माणूस असतो. कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागते. आता अंधारसुद्धा आपल्याला बघायला हवा? ताडोबात गाभ्याच्या बाहेर सफारी न्या म्हटलं की लोक ऐकतात, कारण वाघ मोठा आहे, त्याची भीती वाटते. काजव्याला कोणी भीत नाही म्हणून त्याच्या वाट्याला चपला. रोहिणी ते मृग, पूर्ण बंद. गाडी नाही, पायी नाही, कोणी नाही. गावकऱ्यांना शासनाने त्या दिवसांची भरपाई द्यावी.

प्रवरेकाठ:
काका, भरपाईचं नाव काढू नका. धरणात जमीन गेलेल्यांची नातवंडं आमच्या गावात आहेत, त्यांना विचारा भरपाई म्हणजे काय ते. मला काम पाहिजे.

सावली_ठाणे:
मी शाळेत शिकवते. सह्यकडा काकांचा जंगलावरचा जीव कळतो, पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन गेले होते, ती तेव्हा आठ वर्षांची. आम्ही राहतो तिथे खिडकीबाहेर रात्रभर पुलाचे दिवे असतात, तिने खरा अंधार कधी पाहिलाच नव्हता. पहिली दहा मिनिटं माझा हात सोडेना. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मावशींनी तिला खळ्यात नेलं, करवंदीच्या जाळीजवळ बसवलं आणि म्हणाल्या, आता काही बोलू नको, बॅटरी लावू नको, नुसती बस. थोड्या वेळाने एक काजवा तिच्या फ्रॉकच्या बाहीवर येऊन बसला. बाही उजळायची, मिटायची. तिने श्वास रोखून धरला होता. घरी आल्यावर बाल्कनीतला दिवा ती रात्री मालवते. आजही. मी सांगितलेलं नाही.

ही मुलगी उद्या एखाद्या जंगलासाठी उभी राहील असं मला वाटतं. कुलूप लावलेल्या जंगलासाठी कोण उभं राहील? आणि रानवाट, तुमचं ते शेवटचं वाक्य मला लागलं. माझ्या आईचे गुडघे गेलेत, ती दीड तास चालू शकत नाही. लहानपणी गुहागरला अंगणात पाहिलेले काजवे तिला मरायच्या आधी एकदा पाहायचे आहेत. तिला ‘नाही पाहिले तरी चालेल’ असं मी कसं सांगू?

आडवाटेचा:
मी फोटो काढतो, आणि आमच्या लोकांबद्दल लिहायलाच हवं. झाडभर काजव्यांचा जो फोटो तुम्ही बघता तो एका क्षणाचा नसतो. कॅमेरा तिवईवर ठेवून अर्धा तास, तासभर फोटो घेतले जातात आणि मग ते एकावर एक रचले जातात. तो फोटो बघून माणूस येतो आणि प्रत्यक्षात तसं दिसत नाही म्हणून आणखी आत घुसतो, गवत तुडवतो, एखाद्या झाडाला हलवूनही बघतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तीन वर्षांपासून काजव्यांच्या फोटोखाली जागेचं नाव टाकत नाही. गाड्या बंद करायला माझा पाठिंबा आहे, आणि तिवईवाल्यांना रस्ता सोडून खाली उतरायला बंदी, हेही त्यात घाला. माझ्यासकट.

टेनेसीकर:
मूळचा संगमनेरचा, आता अमेरिकेत टेनेसीत. इथे ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट नावाची जागा आहे. तिथले काजवे एका तालात लुकलुकतात, आणि हंगामही तुमच्या रोहिणीच्याच सुमाराचा. पूर्वी तिथेही झुंबड उडायची. आता सोडत निघते. आठ रात्री, रात्रीला साधारण १२० गाड्या, ज्याचा नंबर लागला त्यालाच आत सोडतात. टॉर्चला लाल कागद लावायचा, तो जमिनीकडेच धरायचा, वाट सोडायची नाही, काजवा पकडायचा नाही. माझा चौथ्या वर्षी नंबर लागला. शेकडो माणसं होती, पण कुजबुजीच्या वर आवाज नव्हता. मराठी माणूसही हे पाळू शकतो, कासच्या फुलांच्या पठारावर दिवसाला ३००० जणांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आलीच की. सोडत काढा. भांडणच मिटेल.

प्रवरेकाठ:
मिटणार नाही दादा. नोंदणी ऑनलाइन झाली की पहिल्या दहा मिनिटांत पुण्या-मुंबईचे टूरवाले सगळे नंबर घेतील. आमच्या वस्तीवर रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. तुमच्याकडं उद्यानात गावं नसतील, इथं आम्ही आत राहतो. संख्या ठरवा, हरकत नाही. पण नंबर गावाच्या हातात द्या. पुरुषवाडीला बघा, तेही आमच्याच अकोले तालुक्यात. पाहुण्यांचं जेवण पाळीपाळीने घराघरांत जातं, काजवे दाखवायला गावातलीच माणसं नेतात. रस्त्यावर शंभर गाड्या लागत नाहीत. आमच्याकडं तसं झालं नाही, कारण ज्याची जागा रस्त्याला त्याचे तंबू, आणि जो आत राहतो त्याला काहीच नाही. हे आमच्यातलं दुखणं आहे, ते मी लपवत नाही.

रानवाट:
सावलीताई, ते वाक्य मागे घेतो. लिहिताना तो चपलेचा ठिपका डोळ्यांसमोर होता, पण तुमच्या आईसारखी माणसं मनात आली नाहीत.

मातीतला, हॅलोजनचं पटलं, आणि ‘काजवे कमी झाले’ असं म्हणायचा मला हक्क नाही हेही पटलं. पण ‘गाड्या अडवून काय हाताला लागणार’ हे नाही पटत. हॅलोजन काढायला रिसॉर्टवाल्याशी वर्षभर भांडावं लागेल. गाडी अडवायला एक नाकं पुरे, आणि ते आजही आहे. जे उद्या होऊ शकतं ते परवाच्यासाठी का थांबवायचं?

प्रवरेकाठ, तुमच्या सगळ्या लिहिण्यातून मला एक दिसतं. तुम्हाला माणसं हवी आहेत, त्यांच्या गाड्या नकोत. मग बाहेरच्या गाड्या शेंडीला थांबवल्या आणि पुढे फक्त गावच्या जीपा चालल्या तर? भाडं तुमचं, चालक तुमचा. कुठल्या झाडाजवळ दिवे मालवायचे ते त्याला सांगावं लागणार नाही. सावलीताईंची आईही त्यातून जाईल.

सह्यकडा:
जीपलाही दिवे असतात. माझं मत बदललेलं नाही.

मातीतला:
असतात, पण चारशे गाड्यांचे आणि वीस जीपांचे दिवे सारखे नाहीत. जीप पिवळ्या पार्किंग लाइटवर हळू नेता येते, आणि नऊ वाजता शेवटची फेरी परत फिरली तर रात्रीचा मोठा भाग काजव्यांना मिळतो. जीप थांबेल तिथून दहा पावलांवर दोरी बांधा, दोरीच्या पलीकडे कोणी नाही. रानवाट, नाक्याचं तुमचं खरं आहे. मात्र हॅलोजन मी सोडत नाही.

प्रवरेकाठ:
जीपचं मी आमच्या परिस्थितीकीय विकास समितीत, म्हणजे वनखात्याबरोबर काम करणाऱ्या गावच्या समितीत बोललो, काल रात्रीच. गावात चालू स्थितीतल्या सात जीपा आहेत. दोघं तयार, दोघं म्हणाले शेंडीवाले आमच्या गाड्या लागू देणार नाहीत, बाकीचे गप्प. रस्त्याला तंबू असलेले तिघं उठून गेले, त्यातला एक माझा चुलतभाऊ. बायका मात्र म्हणाल्या की जेवणाची पाळी घराघरांत जाणार असेल तर आम्ही ग्रामसभेत हात वर करू. ग्रामसभा अक्षय्य तृतीयेच्या आधी लावायची म्हणतोय.

माझ्या तंबूंच्या बाहेर दोन हॅलोजन होते. मातीतला दादा, तुमचं वाचून काल एक उतरवला. दुसरा गोठ्याकडं आहे, बिबट्या येतो म्हणून. त्याचं काय करायचं ते सांगा.

मातीतला:
त्याला वरून पत्र्याची टोपी बसवा, उजेड फक्त गोठ्याच्या दारात पडेल असा. बल्ब पिवळा आणि कमी वॅटचा घ्या. आणि काजव्यांचे तीन आठवडे गुरं शक्यतो आतल्या बंद गोठ्यात बांधा, म्हणजे तोही रात्री मालवता येईल. तुमच्या ग्रामसभेला येऊ दिलंत तर येतो, दिवे घेऊन.