दुसरा डेटाबेस सर्व्हर कधी घ्यावा?

सदाशिवपेठी: पुण्यातल्या मंगल कार्यालयांच्या बुकिंगची साइट धरा. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त शोधणाऱ्यांची झुंबड उडते, साइट रखडते आणि ‘अजून एक सर्व्हर घेऊ’ सुरू होतं. माझं मत ठाम आहे: आहे तो आधी नीट वापरा. पोस्टग्रेस या डेटाबेसचे शेअर्ड बफर्स (डेटा हाताशी ठेवायची रॅममधली जागा) मुळात १२८ एमबीच असतात. ३२ जीबी रॅमवर ते ८ जीबी करा, रीस्टार्ट लागेल. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (क्वेरींना, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांना, लागलेला वेळ नोंदवणारं एक्स्टेन्शन) लावून एकूण वेळेनुसार वरच्या १० क्वेरी काढा. अख्खं टेबल चाळणारी क्वेरी तिथेच सापडते. चालू साइटवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) घालताना आज्ञेत ‘कॉनकरंटली’ लिहा, नाहीतर तो तयार होईपर्यंत बुकिंग अडतं.

आणि डेटाबेसला एका वेळी जोडलेली कनेक्शन मोजा. मर्यादा मुळात १००. ॲपचे ६ सर्व्हर, प्रत्येकी २० कनेक्शनचा पूल (तयार ठेवलेला साठा), झाले १२०! इथे रेप्लिका, म्हणजे मूळ डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची सतत ताजी होणारी प्रत, काय करणार? मोजकी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा पीजीबाउन्सर हवा.

विमाननगरवाला: ट्यूनिंग मान्य, थांबणं अमान्य. तारखा बघणारे ढीगभर, बुक करणारे मोजके; हे वाचन रेप्लिकावर जायलाच हवं. ऐन मुहूर्तात रेप्लिका जोडायची तर सगळा डेटा त्याच दमलेल्या मशिनवरून ओढावा लागतो. शिवाय डिस्क गेली तर बॅकअपवरून साइट उभी करेपर्यंत लग्नघरं ताटकळणार.

सदाशिवपेठी: डिस्कचा मुद्दा पटला. पण रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून केलेलं डिलीट क्षणात तिकडेही पोचतं.

कोथरूड डेपो: दोघांनीही लॅगचं, म्हणजे रेप्लिका मागे पडण्याचं, नाव काढलं नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. ग्राहकाने तारीख घेतली, पुढचं पान मागे पडलेल्या रेप्लिकावरून आलं, तारीख मोकळीच दिसली. तो पुन्हा बटण दाबणार. म्हणून ज्याने नुकतं लिहिलं, त्याचं वाचन निदान १० सेकंद प्रायमरीवरूनच (मूळ सर्व्हरवरूनच) करा. रीप्ले लॅग (प्रायमरीवरचे बदल रेप्लिकावर लागू व्हायला होणारा उशीर) त्याहून वाढला तर ती रेप्लिका वाचनातून काढा. आणि कार्यालय, तारीख, सत्र या तिन्हींवर मिळून युनिक इंडेक्स (तेच त्रिकूट दुसऱ्यांदा न घेणारा) हवाच. लिहिणं प्रायमरीवरच होतं, त्यामुळे रेप्लिका काहीही दाखवो, दुसरं बुकिंग तिथे नाकारलं जातं.

विमाननगरवाला: हे सांभाळूनच रेप्लिका लावावी, पण लावावी.

सदाशिवपेठी: लावा. शार्डिंगपर्यंत, म्हणजे डेटाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या सर्व्हरांवर ठेवण्यापर्यंत, मात्र धावू नका. आयडीला ४ ने भागून बाकीवर सर्व्हर ठरवलात, तर पाचवा जोडताना ८०% नोंदी हलवाव्या लागतात. करायचंच झालं तर आधी २५६ खाने पाडा आणि ते सर्व्हरांत वाटा. मग नव्या सर्व्हरच्या वाट्याचे ५१ खानेच हलतील.