संपात गाडी काढलेल्याला अजून फितूर म्हणायचं का?

डबल बेल
आमच्या आगारात एक चालक आहेत, पन्नाशीपुढचे. घाटात गाडी हाताळावी तर त्यांनीच. पण त्यांच्याबरोबर मुक्कामी गाडीची ड्युटी लागली की वाहक कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन ड्युटी बदलून मागतो. कारण एकच, २०२१-२२ चा एसटीचा संप. हे डिसेंबरात हजर झाले, आम्ही एप्रिलपर्यंत बाहेर. कँटीनमध्ये त्यांच्या टेबलाला आजही कोणी बसत नाही. नव्याने लागलेल्या पोरालासुद्धा पहिल्याच आठवड्यात कोणीतरी कानात सांगतं, ‘त्यांनी संपात गाडी काढली होती.’

मी शेवटपर्यंत संपात होतो, तरी मला हे पटत नाही. २४ नोव्हेंबर २०२१ ला सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली : दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,०००, वीसपर्यंत ४,०००, त्यापुढे २,५००. पगार महिन्याच्या १० तारखेच्या आत होईल अशी हमी दिली. आझाद मैदानावर पुढे असलेले दोन आमदार दुसऱ्याच दिवशी बाजूला झाले. मागे उरलं विलीनीकरण, म्हणजे एसटी महामंडळ राज्य सरकारात विलीन करण्याची मागणी, आणि ते तर हायकोर्टाच्या आदेशाने नेमलेल्या समितीपुढे होतं. पदरात पडलं ते घेऊन एखादा कामावर गेला, तर तो फितूर कसा? आपण एप्रिलपर्यंत ताणलं. विलीनीकरण झालं का?

वेबिल
विलीनीकरण झालं नाही, कबूल. पण ते ५,००० आकाशातून पडले का? आगारांना कुलूप लागलं म्हणून मिळाले. डिसेंबरात हजर झालेल्यांनी ‘आमची वाढ नको’ असं लिहून दिल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि ‘एखादा गेला’ हे इतकं साधं नव्हतं. महामंडळ रोज आकडे जाहीर करायचं. आज इतके हजर, इतक्या फेऱ्या सुटल्या. तो आकडा टीव्हीवर आला की मैदानात बसलेल्या माणसाचे पाय लटपटायचे. रोजंदारीवरच्या पोरांच्या सेवा संपवल्या, कायम असलेल्यांचं निलंबन, मग बडतर्फी. हे सगळं चालू असताना तुमचे चालक स्टिअरिंगवर होते. त्यांनी डबा खाऊ नये असं मी म्हणत नाही, पण शेजारी बसून खायला मला सांगू नका.

डोंगरपट्टा
मी प्रवासी आहे, एसटीत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये गावाकडच्या शाळा पुन्हा उघडल्या आणि महिना सरतो न सरतो तोच गाडी बंद. मुलींचा मोफत पास एसटीत चालतो, वडापच्या खासगी जीपवाल्याला तो दाखवून काय उपयोग? आमच्या वाडीतल्या दोन मुलींची बारावी त्यातच राहिली. फितूर-निष्ठावंत तुमचं तुम्ही ठरवा. फाट्यावर जी पहिली गाडी दिसली तिच्या चालकाला आमच्या सरपंचांनी नारळ दिला होता.

वेबिल
@डोंगरपट्टा, तुमचा राग समजतो. पण त्या संपाच्या काळात एसटीच्या कितीतरी कर्मचाऱ्यांनी जीव दिला. तेव्हा नारळ घेऊन कोण आलं?

गिरणगावकर
१८ जानेवारी १९८२ आठवा. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. चाळीत जो आधी गेटच्या आत गेला त्याला शिव्या, आणि जो शेवटपर्यंत थांबला त्याच्या घरातली भांडी विकली गेली. संपातून बाहेर कसं पडायचं हे पुढाऱ्यांनी ठरवलं नाही, की ते ओझं एकेका कामगाराच्या डोक्यावर येतं.

स्पॅनर
गिरणीची तुलना इथे बसत नाही. मालकांना गिरण्या बंद पडलेल्या परवडत होत्या, जमिनीला सोन्याचा भाव होता. सरकारला एसटी बंद ठेवून निवडणुकीला जाता येत नाही. म्हणूनच टिकून राहण्यात अर्थ होता.

पण मी वर्कशॉपवाला, माझा एक फरक ऐका. स्वतःच्या शेड्यूलवर गेलेला वेगळा आणि निलंबित झालेल्या माणसाची लांब पल्ल्याची गाडी मागून घेतलेला वेगळा. आमच्याकडे दोन्ही होते. पहिल्याच्या गाडीवर दगड आला तेव्हा मला वाईट वाटलं होतं. तो हेल्मेट घालून गाडी चालवायचा. दुसऱ्याशी मी आजही कामापुरतं बोलतो.

खाकीची बायको
माझा नवरा जानेवारीत हजर झाला. रात्री दाराला बांगड्यांचा हार अडकवून गेले होते. मी तो काढला, धुतला, त्यातल्या चार बांगड्या अजून वापरते.

शेवटपर्यंत कोण टिकले ते एकदा आगारवार बघा. घरी बागायत असलेले, भाऊ नोकरीत असलेले, बायको शिक्षिका असलेले. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. दुकानदाराने उधारी बंद केली त्या दिवशी विलीनीकरणावर घरात चर्चा झाली नाही. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता संघटनेने भरला असता तर गोष्ट वेगळी.

वेबिल
ताई, तुमच्या दारात हार अडकवणारे भेकड होते, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण बागायतवाले टिकले म्हणणं बरोबर नाही. आमच्यातले निम्मे त्या हिवाळ्यात ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर आणि भाजीच्या गाड्यावर होते. आम्हालाही उधारी बंद झाली होती. एप्रिलमध्ये हायकोर्टाने २२ तारखेपर्यंत हजर व्हा म्हटलं आणि कारवाई मागे घ्यायला लावली, तेव्हाच बडतर्फांचा श्वास मोकळा झाला. आम्ही सगळे फुटलो असतो, तर त्यांच्यासाठी कोर्टात कोण उभं राहिलं असतं?

डबल बेल
@वेबिल, हा मुद्दा मान्य. बडतर्फ लोक आपल्या संख्येमुळेच परत आले. @स्पॅनरचा फरकही मान्य, आमच्या चालकांनी दुसऱ्याची गाडी कधी मागितली नाही.

पण मुक्कामी गाडी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. रात्री मारुतीच्या देवळापुढे गाडी लावायची, दोघांनी आतच झोपायचं, पहाटे साडेपाचला निघायचं. घाटात मागे घेताना वाहकाच्या शिट्टीवर चालकाचा विश्वास लागतो. तिथे अबोला धरून कसं चालेल?

वेबिल
शिट्टी मी वाजवीन, त्यात कसूर नाही. झोपायला मात्र देवळात जाईन. आणि जमलं तर रजाच टाकीन.

डबल बेल
तू रजा टाकतोस आणि कंट्रोलर ती मुक्कामी माझ्या नावावर चढवतो. मागच्या दिवाळीत पाडव्याला मीच होतो त्या गाडीवर.