जुनी बाईक घरी आल्यावर काय लावलं, काय काढलं? अनुभव सांगा

हौशी_पुणेकर

गेल्या महिन्यात २०१३ची पल्सर १५० घेतली, सेकंडहँड, ३८ हजारात. आधीचा मालक कॉलेजचा मुलगा, त्याने गाडी फार हौसेने सजवलेली, म्हणजे टाकीखाली निळ्या एलईडी पट्ट्या, तीन आवाजांचा हॉर्न, हँडलला व्होल्ट दाखवणारा चार्जर आणि मागे इवलीशी नंबरप्लेट. हौस मलाही आहे, मला दोन जादा लाइट, चार्जर आणि लेगगार्ड लावायचं होतं, नाना पेठेत जाऊन सगळं सामान आणूनही ठेवलं. पण गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ घ्यायचीच नाही, नुसती टिकटिक. नवी बॅटरी आणायला निघालो होतो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकांनी थांबवलं, म्हणाले आधी करंट कुठे जातोय ते बघ, आणि स्वतःचा मल्टिमीटर हातात दिला.

रविवारी पार्किंगमध्ये गाडी डबल स्टँडवर घेतली, बॅटरीची निगेटिव्ह सोडवून मधे मीटर लावला. चावी बंद, तरी ९० मिलिॲम्पिअर! बॅटरीवर ९ ॲम्पिअर-अवर लिहिलंय, म्हणजे नवी असती तरी १०० तासांत रिकामी, ही तर जुनी, निम्मीच भरत असणार. टाकी उचलली तर खाली मेन वायरी ब्लेडने सोलून त्यांना नुसता पीळ मारून जोडलेल्या सहा वायरी, वर काळी टेप, तिचा उष्णतेने डिंक झालेला, बोटाला चिकटून तारा निघत होत्या. काकांनी मीटर धरला आणि मी एकेक सोडवत गेलो. चार्जर काढला, ९०चे ६० झाले. हॉर्न काढला, ६०च. पट्ट्यांचा रिमोटचा डबा काढला आणि आकडा धाडकन २ वर आला. बॅटरी बदललीच नाही, चार्ज करून तीच चालू आहे.

तेव्हापासून मनात एकच बसलंय की जुन्या गाडीला आपण काही लावायच्या आधी दुसऱ्याने लावलेलं समजून घ्यावं लागतं, आणि आपण जे लावू ते उद्या कोणाला तरी काढता आलं पाहिजे. तुम्ही घरच्या घरी काय लावलंत, काय काढून टाकलंत? सविस्तर लिहा.

काजळी_काठ

रत्नागिरी, घर भाट्याच्या खाडीजवळ. २००९ची स्प्लेंडर, शाळेत जायला यायला, रोज २२ किलोमीटर आत. आमच्याकडे ॲक्सेसरी म्हणजे गंज थांबवणं, बाकी सगळं नंतर. गाडी घेतली तेव्हा वरून काळा रंग चकाचक मारलेला, पण बॅटरीच्या पेटीखाली स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर सरळ पत्र्यात घुसला. खाऱ्या वाऱ्यात गंज असा आतून खातो आणि वरचा रंग फुग्यासारखा तसाच राहतो.

मे महिन्याची सुट्टी होती म्हणून सगळं खोलून काढलं. भोक पडलेल्या जागी पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून आणला, बाकी घरीच. तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग गंजावर लावायचं ते लिक्विड, ज्याने लाल गंज काळा पडतो, त्यावर रेड ऑक्साइड आणि मग काळा रंग दोन हात. पहिला हात मी घाई करून संध्याकाळी मारला, हवेत दमटपणा, सकाळी रंगावर पांढुरकी साय धरलेली, परत घासावं लागलं. तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी रंग सकाळी दहानंतर ऊन चढल्यावर मारावा आणि चारच्या आत हात धुवावेत. मडगार्डच्या आतल्या बाजूला विसरू नका, चिखल तिथेच बसतो. पुढच्या मडगार्डला जुन्या ट्यूबचा चार बोटं लांब फ्लॅप कापून लावलाय, पावसाळ्यात इंजिनवर उडणारा चिखल बराच कमी झाला.

आणि एक. हेडलाइटला एलईडी बल्ब मागवून बसवला, तर गाडी हळू असताना तो फडफडायला लागला. माझ्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, एसीवर चालतो, रेस दिली की उजेड, सोडली की मंद. बॅटरीवर घ्यायचा तर आतली कॉइल खोलून वायरिंग बदलायला हवं आणि तेवढा भार ती छोटी बॅटरी किती पेलेल याची मला खात्री वाटेना. परत ३५ वॅटचा साधा बल्ब लावला, आतला रिफ्लेक्टर काळवंडला होता तो अख्खा नवीन टाकला, आणि फरक डोळ्याला दिसण्याइतका पडला.

रंकाळा

कोल्हापूर. आमची २०११ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. घेतली तवा सायलेन्सर फटाक्याचा होता, आधीच्या मालकानं मूळचा भंगारात घातलेला. पहिले चार दिवस लै भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. पाचव्या दिवशी रात्री साडेदहाला गल्लीत आलो तर समोरच्या घरातल्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या, घरात दोन महिन्यांचं बाळ. काही बोलल्या नाहीत, फक्त दार लावून घेतलं. ते दार लावलेलं माझ्या डोक्यातनं जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू न करता ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली.

मूळचा सायलेन्सर भंगारवाल्यांकडं हुडकून तिसऱ्या फेरीला मिळाला, थोडा पोचलेला पण आतनं ठीक. बसवताना तोंडाला नवीन गॅस्केट टाकायला विसरू नका, नाहीतर फट राहते आणि गॅस सोडला की फटफट आवाज येतो, मग माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो. आपल्याकडं पोलिसांनी जप्त केलेले असले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो पेपरात येतात, ते वेगळंच.

बॅगा लावायची पट्टी मात्र मी उद्यमनगरात करून घेतली. पुठ्ठ्याचा साचा घरी कापला, गाडीला लावून बघितला, इंडिकेटरला अडतोय का, किक मारताना पाय लागतोय का, सगळं बघून मग मेस्त्रींना दिला. फ्रेमला एकही भोक पाडलं नाही, मूळच्याच बोल्टवर, फक्त बोल्ट १० मिलिमीटर लांब घेतले. भोक पाडलं की तिथनं गंज अन् तडा दोन्ही चालू, हे मेस्त्रींचं वाक्य.

गोदाकाठची

नाशिक. २०१४ची युनिकॉर्न. माझी उंची पाच फूट एक इंच, पाय टेकायचे पण नुसते चवडे. सगळ्यांनी सांगितलं सस्पेन्शन खाली करून घे. मी नाही केलं, कारण मागे आई बसते आणि स्पीडब्रेकरला चेसिस घासायला नको. सीट काढून सीटवाल्या काकांकडे घेऊन गेले. त्यांनी मला दुकानातच त्या सीटवर बसवलं, मांडीच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघा मारल्या आणि म्हणाले, "ताई, उंची नाही नडत, रुंदी नडतेय." मग हेक्सा ब्लेडने पुढच्या दोन्ही कडांचा फोम तिरका उतरवला, वरून फक्त अर्धा इंच. "कापलेला फोम परत येत नाही, आज एवढंच, महिनाभर चालवा आणि मग या." परत जायची वेळच आली नाही, दोन्ही पाय आता जवळजवळ पूर्ण टेकतात. खर्च रेक्झिनसकट ९००.

दुसरं म्हणजे साडीगार्ड. आधीच्याने गाडी स्पोर्टी दिसावी म्हणून काढून टाकलं होतं. मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं झाकेल असं गार्ड, हे नियमातच आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १२३. पण मी नियमासाठी नाही लावलं. आई साडी नेसते, एका बाजूला बसते, आणि माझ्या मावशीचा पदर एकदा चाकात गेलेला मी लहानपणी बघितलाय. गाडी घरी आणल्यावर पहिला पाना त्या गार्डसाठीच हातात घेतला. मागचा एक बोल्ट मडगार्डच्या ब्रॅकेटला येतो, तिथले आटे गेलेले होते, तेव्हा बोल्ट तसाच ठोकून बसवू नका, आटे पाडून घ्या, ५० रुपयांचं काम आहे.

फॉर्म_तीस

हौशी, त्या इवल्या नंबरप्लेटचं आधी बघा. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात आता एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, लागते, आणि तिचे स्नॅप लॉक एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाहीत. म्हणजे मागचं मडगार्ड, कॅरिअर जे काही बदलायचं ते प्लेट बसायच्या आधी ठरवा.

सगळ्यांसाठी: गाडी नावावर झाली का? त्यासाठी आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. रंग आरसीवर लिहिलेला असतो, तो बदललात तर तिथेही नोंद करून घ्या. आणि मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९मध्ये तेच सांगितलंय. सीट, गार्ड, कॅरिअर, चार्जर ठीक, पण चेसिस कापणं, इंजिन बदलणं या भानगडीत घरी पडू नका, खरंच सांगते.

ठाणे_लोकल

मोबाइल होल्डर घेताना व्हायब्रेशन शोषणारा घ्या. मी साधा घेतला, तीन महिन्यांत फोनचा कॅमेरा फोकस घेईना. कॅमेऱ्यात फोटो स्थिर ठेवणारी जी हलती लेन्स असते तिला इंजिनची थरथर मारते, ॲपलने तर २०२१मध्ये तसं उघड सांगितलंय. आता फोन खिशात, रस्ता कानात.

नेकारकाठ

मूळचा सांगलीचा, सध्या स्टुटगार्ट. २००८ची सुझुकी एसव्ही ६५० घेतली, सोबत मालकाने एक फाइल दिली, मला वाटलं सर्व्हिसची बिलं असतील. तर लावलेल्या एकेका वस्तूचा परवान्याचा कागद, ब्रेकच्या लिव्हरचा वेगळा, मागच्या शॉकॲबचा वेगळा. इथे दर दोन वर्षांनी तपासणी असते आणि इंडिकेटरवर गोलातला ई हा मंजुरीचा शिक्का दिसला नाही तरी परत पाठवतात. सुरुवातीला जाच वाटला. पण गाडीवर आधी काय काय झालंय ते सगळं मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. माझी नंबरप्लेट मार्च ते ऑक्टोबरचीच आहे, थंडीत गाडी रस्त्यावर नेता येत नाही, त्यामुळे सगळी कामं नोव्हेंबरात, तळघरात हीटर लावून. लेगगार्ड लावून फिरणारा मी इथे फारसा कोणी बघितला नाही, पण बाबांच्या बजाज एम८०ला होतं म्हणून मी शोधून शोधून लावलंय.

हौशी_पुणेकर

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत. फॉर्म_तीस, प्लेटसाठी नोंदणी केली, मूळचं मडगार्ड पण आणलं. नेकारकाठ, तुमचं वाचून मी पण एक वही केली, सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीये, कुठली वायर कुठून घेतली त्याचं चित्र काढून.

दोघातिघांनी लाइट कसे जोडले विचारलंय. २० वॅटचे दोन, म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टला साधारण सव्वातीन ॲम्पिअर. हा भार हँडलवरच्या स्विचमधून न्यायचा नाही, मधे रिले टाकायचा, म्हणजे छोट्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत ५ ॲम्पिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ नंबरमधून लाइटला, ८६ला स्विचमधून येणारी चावीची वायर, म्हणजे चावी चालू असेल तरच करंट देणारी, आणि ८५ अर्थिंगला. चार्जर पण चावीच्याच लाइनवर, वेगळ्या फ्यूजमधून. मूळच्या वायरी कुठेही सोललेल्या नाहीत, जोड सगळे कपलरने, उद्या काढायचं झालं तर ओढून काढता येईल. परत मीटर लावला, चावी बंद असताना २च.

लाइट वाकवताना पार्किंगच्या भिंतीवर हेडलाइटच्या उंचीला खडूने रेघ मारली आणि हे दोन तिच्या खाली ठेवले, काकांना समोर उभं करून डोळ्यावर येतो का ते पण बघितलं. शनिवारी रात्री कात्रजच्या जुन्या घाटातून जाऊन आलो, वळणावरची कडेची खडी दिसते आता.

लेगगार्ड राहिलंय. उजव्या बाजूचा बोल्ट गंजून बसलाय, कालपासून त्यावर डिझेल सोडून ठेवलंय, उद्या सकाळी काका रिंगपाना घेऊन येतायत.