अनुभव धागा : डॅशकॅमची वायर थेट फ्यूज बॉक्सला जोडताना

डॅशकॅम (पुढच्या काचेवर लावायचा, रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा) सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसून, गिअरवर लोंबणारी वायर सांभाळत काही महिने गाडी चालवली, की ती वायर एकदाची आत दडवून फ्यूज बॉक्सला जोडावी, असे बहुतेकांना वाटू लागते. दुसरे कारण पार्किंगचे आहे. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीला रात्री कोणीतरी घासून निघून जाते आणि सकाळी चेपलेले दार पाहिल्यावर, गाडी बंद असतानाही चालणारा कॅमेरा हवा होता असे मनात येते. ज्यांनी हे काम पहिल्यांदाच स्वतः केले किंवा समोर उभे राहून करून घेतले, त्यांनी कोणता फ्यूज निवडला, वायर कुठून नेली आणि एक पावसाळा गेल्यावर काय अवस्था आहे, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. कोणता कॅमेरा चांगला, ही चर्चा कृपया येथे नको.

नवख्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की हार्डवायर किटमध्ये, म्हणजे कॅमेरा फ्यूज बॉक्सला जोडण्याच्या संचात, साधारणपणे तीन वायरी असतात. लाल वायर चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला, पिवळी वायर कायम वीज असणाऱ्या फ्यूजला आणि काळी वायर गाडीच्या बॉडीला अर्थ म्हणून जोडायची असते. किटच्या डबीत १२ व्होल्टचे ५ व्होल्ट होतात, आणि बॅटरी ठरलेल्या पातळीखाली उतरली की कॅमेरा बंद पडण्याची सोयही (कट-ऑफ) तिथेच असते. रंगांचा अर्थ सगळे उत्पादक एकसारखाच लावतात असे नाही, म्हणून सोबतचा कागद वाचूनच हात घालावा.

मुलुंडकर

माझी पेट्रोल हॅचबॅक आहे आणि काम मी घरच्या घरी, सोसायटीच्या आवारात केले. मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. तो नसेल तर साधा टेस्ट लॅम्पही पुरतो. लाल वायरीसाठी सॉकेटचाच फ्यूज घेतला, त्यात काही अडचण आली नाही. एअरबॅग, एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) यांच्या फ्यूजला मी स्पर्शही केला नाही आणि कोणीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिवळ्या वायरीचा शोध मात्र लांबला. छताच्या दिव्याचा फ्यूज चावी काढल्यावरही १२ व्होल्ट दाखवत होता, म्हणून तोच योग्य वाटला. परंतु आतला दिवा चुकून चालू राहिला तरी बॅटरी उतरू नये, यासाठी अनेक गाड्यांमध्ये बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, कुलपे वगैरे सांभाळणारा गाडीतला संगणक) काही वेळाने तो पुरवठा तोडते, आणि हे उघड्या दारातून मोजताना कळत नाही, कारण दार उघडे असेपर्यंत गाडी झोपतच नाही. त्यासाठी एक युक्ती केली. दार उघडे ठेवूनच त्याच्या कुलपातली खिट्टी स्क्रू ड्रायव्हरने आत फिरवली, म्हणजे दार लागले आहे असा गाडीचा समज होतो. मग रिमोटने गाडी लॉक केली आणि अर्ध्या तासाने पुन्हा मीटर लावला. छताच्या दिव्याचा फ्यूज तोवर शून्यावर आला होता, हॅझार्ड दिव्यांचा जिवंत होता. तोच घेतला. मात्र नंतर दार लावण्यापूर्वी हँडल ओढून ती खिट्टी मोकळी करायला विसरू नये, अन्यथा कुलपाची वाट लागेल.

फ्यूज टॅप, म्हणजे मूळ फ्यूजच्या जागी बसवून त्यातून दुसऱ्या फ्यूजसह नवी वायर काढायचा जोड, घेताना जुना फ्यूज सोबत न्यावा, कारण मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ हे तिन्ही प्रकार दिसायला जवळचे असले तरी एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत. टॅप खाचेत दोन्ही बाजूंनी जातो, पण त्याची योग्य बाजू एकच असते. ती ओळखण्यासाठी टॅपमधला मूळ फ्यूज काढून ठेवायचा आणि कॅमेऱ्याचा फ्यूज तेवढा ठेवायचा. चावी फिरवल्यावर कॅमेरा सुरू झाला तर बाजू बरोबर आहे, कारण नव्या मार्गाला वीज थेट येते आहे. सुरू झाला नाही तर कॅमेऱ्याचा भार मूळ फ्यूजमधून जातो आहे असे समजून टॅप फिरवून बसवायचा. डॅशकॅमचा भार किरकोळ असल्याने उलट्या टॅपने लगेच काही जळणार नाही, हे खरे. परंतु दोन मिनिटांत तपासता येणारी गोष्ट तशीच सोडून देण्यात काय अर्थ आहे?

परळकर

मी काम एका दुकानात करून घेतले. कारागिराने टॅप वगैरे काही न वापरता म्युझिक सिस्टीमची वायर सोलली, कॅमेऱ्याची वायर तिला पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. मे महिन्याच्या उन्हात टेपचा गोंद पाघळला, जोड उघडा पडला आणि खड्ड्यात गाडी आदळली की कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. सर्व्हिस सेंटरमधल्या मेकॅनिकने डॅशबोर्डचा खालचा पत्रा काढून तो चिकट गुंता दाखवला. वायर कापून किंवा सोलून दिलेला जोड आढळला तर वायरिंगच्या वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो, हेही त्यानेच सांगितले. दुकानातून करून घेणाऱ्यांनी "टॅप लावणार का?" एवढा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर ऐकून मगच चावी हातात द्यावी.

बोरिवलीकर

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण माझ्या मते खरा प्रश्न वायर कुठे जोडायची हा नसून उभ्या गाडीची बॅटरी किती खर्च होऊ द्यायची, हा आहे. मी कामाला लोकलने जातो. गाडी सोमवार ते शनिवार इमारतीखाली उभी असते आणि मुंबईत अशा गाड्या कमी नाहीत.

साधा हिशेब करून पाहावा. पुढच्या बाजूचा एकच कॅमेरा १२ व्होल्टवर सुमारे ०.३ अँपिअर घेतो असे धरले, तर २४ तासांत ७.२ अँपिअर-तास खर्च होतात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर अडीच दिवसही पुरे होण्याआधी ती निम्मी होते. गाडीचा अलार्म आणि घड्याळ जे खातात, ते वेगळे. मागचाही कॅमेरा असेल तर हा काळ आणखी घटतो. रविवारी दादरला जाऊन परत येण्याएवढ्या प्रवासात ही तूट भरून निघत नाही.

किटमधला कट-ऑफ आहे, मग काळजी कशाला, असे अनेकजण म्हणतात. विश्रांतीत असलेली पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ ला ती निम्म्यावर येते आणि ११.८ ला जवळजवळ रिकामी असते. अनेक किटमध्ये सर्वांत खालचा पर्याय ११.८ च असतो, आणि खोक्यातून काढलेले किट त्याच पर्यायावर असेल तर सकाळी स्टार्टरचा नुसता "कट-कट" आवाज येण्याची पूर्ण तयारी झालेली असते. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी वारंवार एवढी उतरली की तिच्या प्लेटांवर सल्फेट साचून तिची क्षमता कायमची घटते. मी कट-ऑफ १२.४ वर ठेवून पाहिला; त्यावर पार्किंगमधले चित्रण पहिल्याच रात्री थांबत असे, म्हणजे सहा दिवसांच्या राखणीसाठी त्याचा उपयोग जवळपास शून्य होता.

शेवटी लाल आणि पिवळी या दोन्ही वायरी एकत्र करून चावीच्या फ्यूजला जोडल्या. पार्किंग मोड गेला. इमारतीच्या दारावर सीसीटीव्ही आहे, तेवढ्यावर मी समाधानी आहे. ज्यांची गाडी रोज वांद्र्यापलीकडे धावते, त्यांनी पिवळी वायर अवश्य कायमच्या फ्यूजला जोडावी आणि कट-ऑफ १२.२ च्या खाली आणू नये. डिकीत वेगळा बॅटरी पॅक ठेवण्याचाही मार्ग आहे, पण त्याची किंमत कॅमेऱ्याच्या बरोबरीने जाऊ शकते आणि ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत लिथियमची मोठी बॅटरी ठेवायला माझे मन धजत नाही. त्याच कारणाने कॅमेराही लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) असलेला घेतला.

चेंबूरकर

मी आणि माझ्या वहिनींनी मिळून त्यांच्या गाडीत हे काम केले. फ्यूजबद्दल वर पुरेसे आले आहे, म्हणून वायरीच्या वाटेबद्दल लिहिते. छताच्या कडेने वायर नेणे फार सोपे आहे. लायनिंगची कड बोटाने किंचित दाबली की वायर आत जाते. अडचण काचेच्या बाजूच्या खांबाशी, म्हणजे ए-पिलरशी येते. ज्या गाडीत कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग) आहे, तिच्या या खांबाच्या प्लास्टिकवर बहुधा "एअरबॅग" असे कोरलेले असते. दाराचे काळे बीडिंग उपटून वायर तिथूनच वरवर खाली सोडण्याचा मोह होतो, आणि नेटवरच्या व्हिडिओंमध्ये तसे सर्रास दाखवतातही. परंतु कर्टन एअरबॅग उघडताना त्या प्लास्टिकच्या आडून झटक्याने बाहेर येते. वायर तिच्यावरून गेलेली असेल तर ती एअरबॅगच्या आड येऊ शकते किंवा थेट प्रवाशाच्या तोंडावर फेकली जाऊ शकते.

आम्ही बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, थोडा वेळ थांबलो, मग प्लास्टिक काढले. आत घडी घातलेली कापडी गुंडाळी दिसते, ती एअरबॅग. तिच्या मागून कंपनीच्या वायरींचा एक जुडगा खाली जातो, त्यालाच आमची वायर केबल टायने बांधत खाली आणली आणि टायची टोके कापून टाकली, जेणेकरून कापडाला काही टोचणार नाही. या प्लास्टिकची वरची क्लिप काही गाड्यांमध्ये एकदाच वापरायची असते; काढण्यापूर्वी सुट्या भागांच्या दुकानात चौकशी करून नवी आणून ठेवावी. हे सगळे करण्याची तयारी नसेल, तर वायर सॉकेटलाच राहू द्यावी. लोंबणारी वायर वाईट दिसते, एवढाच तिचा दोष आहे.

काळी वायर रंगवलेल्या बोल्टला लावू नये. मीटरने बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड तपासून, उघड्या धातूला टेकणारा बोल्टच निवडावा.

दादरकर

आमच्या इमारतीत मेकॅनिकल पार्किंग आहे. शेजाऱ्यांची गाडी काढण्यासाठी पाळणा हलला की माझा कॅमेरा धक्का बसल्याचे समजून फाइल लॉक करतो, आणि लॉक झालेल्या फाइल आपोआप पुसल्या जात नसल्याने कार्ड भरत जाते. धक्क्याची संवेदनशीलता सर्वांत कमी केल्यावर त्रास बराच आटोक्यात आला.

कांदिवलीकर

मागच्या कॅमेऱ्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. हॅचबॅकच्या मागच्या दाराला वायर न्यायची तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच न्यावी, जिच्यातून कंपनीच्या वायरी गेलेल्या असतात. ते काम किचकट आहे. रबराला सिलिकॉन स्प्रे मारून, आधी पातळ तार घालून मग वायर ओढावी लागते. माझ्या गाडीत बसवणाऱ्याने कंटाळा केला आणि वायर दाराच्या रबरावरून सरळ आत घेतली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्याच वायरीच्या कडेने थेंब थेंब उतरले आणि स्टेपनीच्या खोलगट भागात साचले. रबर तिथे दबल्याची बारीक चीर बोटाला लागत होती. नळीतून वायर पुन्हा नेली आणि त्यानंतर डिकी कोरडी आहे.

पेशाने वकील, माहीम

थोडे वेगळे, पण विषयाला धरूनच. सॉकेटवरचा कॅमेरा सहसा गाडी बंद होताच थांबतो. पिवळी वायर जोडलेला कॅमेरा अपघातानंतर चावी काढली तरी चित्रण करतच राहतो, आणि कार्ड भरलेले असेल तर नव्या चित्रणाला जागा करण्यासाठी जुन्या फाइल पुसत जातो. धक्क्याने फाइल लॉक झाली नसेल, तर हवे तेच चित्रण दुसऱ्या दिवसापर्यंत गेलेले असते. म्हणून अपघात झाल्यावर कॅमेऱ्याची पिन उपटावी आणि कार्ड काढून जसेच्या तसे जपून ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) नमूद करायचे असते. तेव्हा व्हॉट्सॲपवर आकुंचित होऊन आलेल्या प्रतीवर विसंबू नये. कॅमेऱ्याची वेळही अधूनमधून तपासावी. गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर सुपरकपॅसिटर असलेल्या काही कॅमेऱ्यांचे घड्याळ मागे पडते, आणि बोरिवलीकरांप्रमाणे पिवळी वायर चावीच्या फ्यूजला जोडलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे; जीपीएस असलेला कॅमेरा उपग्रह सापडताच वेळ स्वतःच दुरुस्त करून घेतो.

बोरिवलीकर

वकीलसाहेब, आभारी आहे. माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही, त्यामुळे रविवारी गाडी काढताना तारीख-वेळ पाहून घेईन.