मदत हवी आहे: मेकॅनिकलवरून वेल कम्प्लीशन्समध्ये कसं जायचं?

नमस्कार. मी बडोद्याची, महाराजा सयाजीराव विद्यापीठात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला तेलविहिरींच्या कम्प्लीशन्समध्येच, म्हणजे खणलेली विहीर तेल काढण्याजोगी करण्याचं काम करायचंय. ड्रिलिंग सगळ्यांना ठाऊक असतं. पण विहीर खणून झाल्यावर तेलाच्या नेमक्या थरापाशी केसिंगला (विहिरीच्या पोलादी अस्तराला) भोकं पाडणं, ट्यूबिंग (तेल वर आणणारी आतली नळी) सोडणं, ती नळी आणि केसिंग यांमधली फट बंद करणारा पॅकर बसवणं, वाळू आत येऊ न देणं, हे नीट जमलं नाही तर खालचं तेल खालीच राहतं! आणि आपल्या गुजरातेत तर किती प्रकार. अंकलेश्वरला १९६० सालीच तेल लागलं; मेहसाण्याकडे बालोल-संथालचं तेल इतकं घट्ट, की जमिनीखाली आग पेटवून ते पातळ करतात. तिथल्या विहिरींना काय काय सोसावं लागत असेल!

ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत मेकॅनिकलवाल्यांना प्रॉडक्शन-ड्रिलिंगला घेतात. तिथून कम्प्लीशन्सकडे वळता येतं का? की आधी सर्व्हिस कंपनीत, म्हणजे तेल कंपन्यांसाठी विहिरींवरची कामं करणाऱ्या कंपनीत, फील्ड इंजिनिअर व्हावं? धनबादच्या आयआयटीत एम.टेक. केल्याचा खरंच उपयोग होतो का?

आईला रिगवरच्या रात्रपाळ्यांची फार काळजी वाटते, म्हणून साइटवर काम केलेल्या ताईंचे अनुभव विशेष हवे आहेत. या क्षेत्रातल्या दादा-काकांनीही कृपया सविस्तर लिहावं.